सलिलचा कंठ फुटला तेव्हा

या मित्रांनो, असे माझ्या भात्याजवळ सरकून बसा. मी एक जुनी पेटी आहे. मोठ्याने बोलायचे माझे वय राहिले नाही. पण कीर्तनाला साथ करता करता कथा सांगणे मलाही जमू लागले आहे. आजची कथा नारायण पेठेतल्या सलिलची. ऐकताना तोंड कडू होईल, तरी ऐका.

सागवानी अंग आणि पितळी सूर घेऊन मी जन्मले आणि देवळादेवळांतून वाजले. बुक्क्याचा वास, झांजांचा नाद, बुवांनी 'बोला' म्हणताच उठणारा नामाचा गजर! फार सुखाचे दिवस होते ते. मग शरच्चंद्ररावांनी मला घरी आणले. त्यांचा सलिल तेव्हा लहान होता. उपरणे सावरत काळी चारच्या उंच पट्टीत तो असा गायचा की माझाही सूर भरून यायचा. त्याचा व्हिडिओ गावभर फिरला आणि शरच्चंद्ररावांना 'बालकीर्तनकाराचे वडील' म्हणवून घ्यायची चटक लागली.

पण मित्रांनो, मुले वाढतात. सलिलला चौदावे लागले, ओठावर लव आली, कंठ फुटू लागला. शब्द एका सुरात सुरू व्हायचा आणि भलत्याच सुरात संपायचा. अशा वेळी सूर खाली घ्यावा, गळ्याला विसावा द्यावा, ही आमच्यातली साधी रीत. पण शनिवार पेठेतल्या कार्यक्रमाच्या फलकावर सलिलचा गोबऱ्या गालांचा जुना फोटो छापला होता. खाली 'वय वर्षे दहा'!

"बाबा, काळी एक घेऊ या ना," सलिल म्हणाला.

"लोक त्या आवाजासाठी येतात. आणि आधी ती मिशी काढ. फोटोतल्यासारखा दिस."

त्याला आरशासमोर उभे करून त्यांनी स्वतःच वस्तरा फिरवला. सलिलने डोळे घट्ट मिटून घेतले. मला शिसारी आली. देवापुढे उभ्या करायच्या मुलाला कोणी असे सोलते का?

कार्यक्रमात पूर्वरंगातच, म्हणजे कीर्तनाच्या पहिल्याच भागात, त्याचा आवाज चिरकला. पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "अहो, दहा वर्षांचा मुलगा आहे की रिक्षाचा ब्रेक?" हशा पिकला. मोबाइल वर झाले. टाळी धरायच्या हातांनी ते पोराची फजिती टिपत होते. किती कीर्तने ऐकली असतील या लोकांनी! सगळी कपाळावरच्या बुक्क्याबरोबर धुऊन टाकलेली.

त्यानंतर सलिल बोलेनासाच झाला.

"आई, दादा वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करतो म्हणे," धाकट्या कादंबरीने सांगितले.

"नखरे आहेत," शरच्चंद्रराव म्हणाले. "बिबवेवाडीच्या कीर्तनाचं बोलावणं मी घेतलंय."

हेमाताईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "नमस्कार, सलिलची आई बोलतेय. तो येणार नाही. नाही हो, आजारी नाही. मोठा होतोय." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना? आता परस्पर कुणाला होकार देऊ नका."

सलिलला त्या एवढेच म्हणाल्या, "गाणं तुझं आहे. गावंसं वाटलं तर गा. नाही गायलास तरी जेवायला ये."

रोज संध्याकाळी त्या माझ्या शेजारी बसून भाजी निवडायच्या. काही विचारायच्या नाहीत. मलाच धीर निघेना! एके दिवशी सलिल आला, माझा भाता उघडला, काळी एकवर बोट ठेवून त्याने सा लावला. सा मध्येच फाटला. कादंबरीने ओठ दाबले.

"हस की," तो त्या नव्या, जाड आवाजात म्हणाला आणि स्वतःच हसला. मग तिघेही पोट धरून हसले.

शरच्चंद्रराव दारात आले होते. सवयीने त्यांनी खिशातून मोबाइल काढला. हेमाताईंनी नुसते पाहिले. मोबाइल परत खिशात गेला आणि ते तिथेच उंबऱ्यावर ऐकत बसले.

मित्रांनो, देवाला फक्त कोवळे आवाज आवडतात, असे मी एकाही कीर्तनात ऐकलेले नाही. म्हणून एकच मागते. उद्या तुमच्या वर्गात एखाद्याचा आवाज चिरकेल, हसू तुमच्या ओठांपर्यंत येईल. तेव्हा नुसता हात वर करणाऱ्या सलिलची आठवण ठेवा.