केसाएवढं कडं

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे. अंधारात मांजर दिसलं तर आधी त्याला हाकलते, मग दिवा लावते. पण त्या दुपारी दादाच्या घरी जे ऐकलं, त्याने माझा चहा बशीत सांडला.

दादा माझ्या समोर बसला होता. तोंड मिटलेलं, हातात अर्धं भिजलेलं बिस्किट. आणि मागच्या खोलीतून दादाचाच आवाज आला. "आठ... नऊ... दहा! आलो हं मी. कुठे गेली माझी मुंगी? साखरेत पडली की काय?"

आवाज त्याचाच, शंका नाही, पण फार वर्षांपूर्वीचा. भरलेला, हसरा. समोर बसलेल्या माणसाकडे असा आवाज राहिलेलाच नव्हता. बिस्किट तुटून चहात पडलं तरी त्याला कळलं नाही.

"दादा, हे काय?"

"रेडिओ," तो म्हणाला आणि उठून मागच्या खोलीचं दार लावून आला.

रेडिओ म्हणे! माझ्या भाचीला लाडाच्या नावाने हाक मारणारा रेडिओ कुठे मिळतो ते मलाही सांगा, एक घेऊन ठेवते. तोंडापर्यंत आलं होतं. पण वहिनी ओट्याशी उभी होती, तिने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

मुंगी म्हणजे दादा-वहिनीची एकुलती एक मुलगी. एका जागी म्हणून बसायची नाही, आणि साखरेचा डबा कुठेही लपवा, हिला सापडलाच म्हणून समजा. सहा वर्षांची होती. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि गेली. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहवत नाही.

तेव्हापासून ते घर घर राहिलं नाही. म्हणजे भांडी घासलेली, चादरी ताणलेल्या, सगळं जागच्या जागी. पण वहिनी दादाशी बोलत नसे. चक्क बोलत नसे. मी असले की, "वन्सं, त्यांना सांगा, जेवण वाढलंय." मी नसले की भिंतीला सांगायची. एकदा तर माझ्यादेखत फ्रीजला म्हणाली, "त्यांना सांगा, दूध नासलंय." मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

अबोल्याचं कारण एक चकती होती.

मी आणि दादा एकाच कारखान्यात होतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या चकत्या बनवायचो, त्या सीडीसारख्या चकचकीत. दादा शेवटच्या यंत्रावर, मी तपासणीत. आता तो कारखाना बुडाला, अशा चकत्या कुणी घेत नाही, आणि मी एक गाळा घेऊन लोकांच्या मेलेल्या चकत्यांतून त्यांची लग्नं आणि हिशेब बाहेर काढते. पोटापुरतं सुटतं.

त्या चकतीत धातूंच्या मिश्रणाचा एक पातळ थर असतो. पोरं तो 'स्टॅच्यू'चा खेळ खेळतात ना, तसं त्याचं असतं. लेझरचा जोरदार फटका दिला की थराचा तेवढा ठिपका वितळतो, कण उधळतात, आणि क्षणात गार झाल्याने उधळलेले असतानाच थिजतात. स्टॅच्यू! तो ठिपका काळपट दिसतो. अशा ठिपक्यांनी सगळं लिहिलेलं असतं, गाणं म्हणा, चित्र म्हणा. पुसायचं असेल तर मंद आच द्यायची. तेवढ्याने थिजलेले कण हलतात, आपापल्या जागी जातात, शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे राहतात. ठिपका गेला. खरवडावं वगैरे लागत नाही, नुसतं निवांत होऊ द्यायचं. आणि वाचायला तर अगदी पुसटसा उजेड लागतो. नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच वाक्य पढवायचे : वाचल्याने काही झिजत नाही.

मुंगी असताना दादाने एका रविवारी कारखान्याचा कॅमेरा घरी आणला होता, छोट्या चकतीवर चित्रण करणारा. मुंगीचं हलतंबोलतं चित्रण तेवढं एकच. ती गेल्यावर वहिनीला ते बघण्याची हिंमत होईना. दादा मात्र कारखान्यातून मोडीत निघालेलं तपासणीचं यंत्र घरी घेऊन आला, मागच्या खोलीत ठेवलं, आणि रोज कामावर जायच्या आधी दार लावून बसायला लागला. कॅमेऱ्याची ती चकती साध्या प्लेअरवर लागत नसे. हे यंत्र पडद्यावर दाखवायचं, पण नक्कल काढायची सोय त्यात नव्हती.

वर्षभराने वहिनीने मनाचा दगड केला आणि म्हणाली, "मला आता बघायचीय."

दादा म्हणाला, "मी पुसली ती. बघवेना."

एवढंच. त्या दिवशी वहिनीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मीही त्याला काय काय बोलले ते आता आठवायला नको. त्याने सगळं ऐकून घेतलं. खाली मान घालून बसला, आणि आम्ही दोघी धरून चाललो की हा माणूस दगड आहे.

तर या वर्षी दादाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तो दवाखान्यात असताना त्याचे जुने कागद शोधायला वहिनी त्या खोलीत शिरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि सरळ माझ्या गाळ्यावर आली. पर्समधून तिने रुमालात गुंडाळलेली चकती काढून टेबलावर ठेवली.

"त्या यंत्रात होती," ती म्हणाली. "वन्सं, पुसली म्हणाले होते ना? मग ही काय आहे?"

"असेल दुसरी एखादी."

"हिच्यावर माझ्या अक्षरात 'मुंगी' लिहिलंय." तिने बोट ठेवून दाखवलं. "आणि तुम्हाला म्हणून सांगते. आतून त्यांचा आवाज यायचा, मोजल्याचा. मला वाटायचं, डोकं फिरलंय, तिला मारलेल्या हाका कशावर तरी भरून ठेवतात आणि ऐकत बसतात. मारू देत, म्हटलं. स्वतःच्या हाताने पुसलीय ना, मग मारा हाका जन्मभर. एवढी मी वाईट झाले होते. आता बघा, हिच्यात काही आहे का. हो की नाही, एवढंच सांगा."

तिला पाणी दिलं, खुर्चीत बसवलं आणि चकती उजेडात तिरकी धरली.

पुसलेली चकती मी हजारदा पाहिली आहे. सगळीकडे एकसारखी चमकते, कुठे डाग नाही. ही तशी नव्हती. आतून बऱ्याच भागापर्यंत काळपट होती, म्हणजे लिहिलेली. फक्त मध्ये एक कडं होतं, फिकट, केसाएवढं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कड्याच्या अलीकडे ठिपके ठसठशीत, पलीकडेही ठसठशीत. कड्यात सगळं सपाट.

पुसणारा माणूस असं पुसत नाही. पुसणारा सगळंच पुसतो. असं केसाएवढं कडं एकाच रीतीने उमटतं, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचली तर. आणि तीही नेहमीच्या पुसट उजेडाने नव्हे, मंद आचेइतक्या वाढवलेल्या उजेडाने.

मी वहिनीला म्हटलं, "चल. घरी चल. ते यंत्र मला बघू दे."

तोवर दादा दवाखान्यातून घरी आलेला होता. मागच्या खोलीत खुर्चीवर बसला होता, एका डोळ्यावर पट्टी, आणि रिकाम्या यंत्राचं झाकण उघडं पडलेलं. आम्हाला बघून त्याने फक्त हात पुढे केला, चकतीसाठी, जसं काही आम्ही त्याचं औषध पळवलं होतं.

"हात खाली कर," मी म्हटलं. "आधी मला सांग. लेझरचा जोर वाढवायचा स्क्रू किती फिरवलायस?"

त्याने हात खाली घेतला नाही.

"दादा, माझ्याशी गाठ आहे. मी वहिनी नाही गप्प बसायला. तू पुसली नाहीस. मग खोटं का बोललास? आणि वाट्टेल ते ऐकून का घेतलंस, माझंसुद्धा?"

वहिनी दाराशी उभी होती. पदर तोंडावर धरलेला.

दादाने पट्टी चाचपली. मग बोलला. "ती खिडकीच्या पडद्यामागून येते ना, आणि मला धप्पा देते. तेवढंच मी लावायचो. बाकीचं नको वाटायचं. तेवढंच, परत परत. मग चित्र फुटायला लागलं. वाटलं, लेझर म्हातारा झाला, म्हणून जरा वाढवला. चार दिवस स्वच्छ दिसायची. पुन्हा फुटायला लागली, पुन्हा वाढवला." तो थांबला. "वाचल्याने काही झिजत नाही ना गं. तूच शिकवायचीस पोरांना."

मी चकती रुमालात परत गुंडाळली.

"मग एका सकाळी धप्पा आलाच नाही. नुसता पडदा. आणि त्याच आठवड्यात ही म्हणाली, बघायचीय. काय सांगू हिला? बघून बघून संपवली म्हणून सांगू? एकट्याने बसून खाऊन टाकली? त्यापेक्षा पुसली म्हटलेलं बरं. माणूस रागावतो तरी."

"आणि नंतर?" मी विचारलं. "नंतर इतकी वर्षं काय बघत होतास?"

"पडदा. स्क्रू मागे आणून. ती अजून त्याच्यामागे आहे ना."

मी यंत्र उघडलं. हात कशात तरी गुंतवणं भाग होतं, नाहीतर मी तिथेच भोकाड पसरलं असतं. लेझर धडधाकट होता. भिंगावर मात्र धुळीचा पातळ थर बसला होता, वर्षानुवर्षांचा. चित्र फुटत होतं ते तेवढ्याने. कापसाच्या एका बोळ्याने, एका मिनिटात निघाला असता. मी तो पुसला, बोळा मुठीत दाबला आणि पर्समध्ये टाकला. हे मी दादाला सांगितलेलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाही, आणि त्याला कुणी सांगितलं तर त्याची खैर नाही.

मग स्क्रू तपासून पुसट उजेडावर पक्का केला आणि आतल्या तारांना गाळ्यावरून आणलेली माझी पेटी जोडली, म्हणजे या एका वाचनात जे मिळेल त्याची नक्कल होईल. "वहिनी, बस इकडे," मी म्हटलं. ती बसली नाही. दादाच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मी यंत्र सुरू केलं.

पडद्यावर हीच खोली होती, तेव्हाची. दादा भिंतीला डोकं टेकून, डोळे झाकून मोजत होता. कॅमेरा हलत होता, कारण तो वहिनीच्या हातात होता आणि ती हसत होती. मोजणी चालू असताना कॅमेरा हळूच खिडकीकडे वळला. तिथे लांब पडदा. पडद्याखाली पायाची बोटं. इवलीइवली, एकमेकांवर चढवलेली. आतून दाबलेलं खुदकन हसू आलं.

वहिनीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आहे," ती म्हणाली. "वन्सं, आहे ती."

"आठ... नऊ... दहा! आलो हं मी. कुठे गेली माझी मुंगी? साखरेत पडली की काय?" तो भरलेला, हसरा आवाज. दादा पलंगाखाली शोधतो, मुद्दाम कपाटात शोधतो, मुद्दाम पडद्याकडे पाठ करतो. पडदा हलला. बोटं उठली.

आणि कडं आलं. चित्र थिजलं. आवाज गेला. पडद्यावर पाठमोरा दादा आणि मागे जरासा फुगलेला पडदा, त्यातून कुणीच बाहेर आलं नाही. मी दात आवळून वाट बघत राहिले. मग चित्र एकदम पुढे उडालं : कॅमेरा फरशीकडे वळलेला, आणि एका बाईच्या हसण्याचा आवाज येतोय. मनापासून, मोठ्याने.

"ही मी?" वहिनी म्हणाली. "मी अशी हसायचे?"

चित्रण संपलं. दादा पडद्याकडे तोंड करून तसाच बसला होता, एक डोळा पट्टीने झाकलेला, दुसरा त्याने हाताने झाकून घेतला होता. खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, मुंगीला नेली तेव्हाही नाही.

मी उठणार होते. दोघांना एकटं सोडावं एवढी अक्कल मलाही आहे. पण वहिनीने हात वर केला. वाटलं, आता ही मारते याला, आणि खरं सांगते, मारलं असतं तर मी अडवलं नसतं. तिचा हात तसाच थांबला. मग तळवा उघडून तिने त्याच्या पाठीवर टेकवला, दोन खांद्यांच्या मध्ये, जिथे लहान पोराचा हात उडी मारून पोचतो तिथे.

"धप्पा," ती म्हणाली.

दादा दचकला, पण वळला नाही. ज्याला धप्पा बसला त्याच्यावर पुन्हा राज्य, हे खेळातलं त्याला पाठ होतं. डोळ्यावरचा हात न काढता, घोगऱ्या, म्हाताऱ्या आवाजात त्याने सुरुवात केली. "एक... दोन..."

"सावकाश मोजा," वहिनी म्हणाली. मला नव्हे, भिंतीला नव्हे. त्यालाच.