शेवटच्या गाडीचा भाव

मी पाटी बोलतेय. शाळेतली पाटी नव्हे. माझ्यावर कुणी बाराखडी गिरवली नाही. मी पेट्रोल पंपावरची, भाव सांगणारी पाटी. आयुष्यभर लोकांनी माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि बहुतेकांनी पाहून तोंड वाकडं केलं. भाव मी ठरवत नव्हते, फक्त सांगत होते. पण वाईट बातमी आणणाऱ्याच्याच नावाने बोटं मोडायची, ही माणसांची जुनी खोड आहे.

माझा जन्म ऑइलच्या रिकाम्या पिंपातून झाला. पंपाचे मालक तेव्हा तरुण होते. नुकतंच लग्न झालेलं, खिसा हलका. नवी पाटी विकत घ्यायला नको म्हणून त्यांनी एक पिंप उभं कापून घेतलं आणि ठोकून सपाट करवलं. तरी माझ्या पाठीला थोडा बाक राहिलाच. पेंटरने काळा रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरांत ‘पेट्रोल’ लिहिलं आणि खाली आकडा काढायला घेतला.

"जरा निगुतीने काढ रे," मालक म्हणाले, "बरीच वर्षं राहायचाय."

आणि खरंच राहिला. तेव्हा भाव बदलायचा तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा. पेंटर शिडी घेऊन यायचा, जुन्या आकड्यावर काळा रंग फासायचा, तो वाळेपर्यंत चहा प्यायचा आणि मग नवा आकडा काढायचा. पुढे भाव असा भराभर चढू लागला की पेंटरला बोलावणं परवडेना. ते काम मालकांच्या मुलीकडे आलं. शिक्षण संपवून ती पंपावर बसू लागली होती. स्वभावाने तिखट, पण हात वळणदार. तिने काढलेला आठ मला फार आवडायचा. अशा रीतीने एका आकड्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा, असे सगळे जुने भाव माझ्या अंगावर थरांनी साठत गेले.

माझ्या सावलीत रोज एक वाद रंगायचा. रास्त भाव म्हणजे लिटरला किती रुपये? रिक्षावाला म्हणायचा नऊ. स्कूटरवाले मास्तर म्हणायचे सहा, आणि वर हिशेब मांडून दाखवायचे. आणि टॅक्सीवाला भोंगा ओरडायचा, "चार! चारच्या वर एक पैसा घेणं म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा!" त्याचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा, म्हणून त्याचं नाव भोंगा पडलेलं.

"चारने देतो की," मालक म्हणायचे. "आधी चारच्या वेळचे केस डोक्यावर घेऊन ये."

मी वर टांगलेली, मला दुसरं काम काय? ऐकून ऐकून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्याने ज्या भावात आपली पहिली गाडी भरली, तोच त्याच्या लेखी रास्त भाव. भोंग्याने टॅक्सी घेतली त्या वर्षी माझ्यावर चार होता. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. नवी बायको पुढच्या सीटवर बसवून तो पहिल्यांदा पंपावर आला होता आणि उगाचच तीनदा हॉर्न वाजवला होता. त्याला पेट्रोल स्वस्त हवं होतंच. पण त्याहून जास्त ते वर्ष परत हवं होतं. मलाही हवं होतं, खोटं कशाला बोलू?

मालकांची एक पद्धत होती. भाववाढीची वेळ आधी कळायची, आणि लोक टाक्या भरायला धावायचे. ठरलेल्या ठोक्याला मालक हातात लाल फडकं घेऊन रांगेच्या टोकापर्यंत चालत जायचे आणि शेवटच्या गाडीच्या बंपरला ते बांधायचे. फडक्यापर्यंत जुना भाव, फडक्यामागे नवा. "रांगेत उभा राहिला तेव्हा त्याने जो आकडा वाचला, तो त्याचा," असं ते म्हणायचे. फडक्याची गाडी भरून गेली की मगच मुलगी माझ्यावर ब्रश टेकवायची. त्यामुळे लोक भावावरून कुरकुरले, पण पंपावर कधी भांडले नाहीत.

एकदा मात्र भाव एकदम दोन रुपयांनी वाढला. दुपारी बाराची वेळ. रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. बारा वाजले, मालकांनी फडकं बांधलं. शेवटची गाडी भोंग्याची होती. मालक माघारी वळतात न वळतात तोच मागे एक व्हॅन येऊन थांबली. शाळेची मुलं नेणाऱ्या एक बाई ती चालवायच्या. नवरा गेल्यापासून घर त्या व्हॅनवरच चालायचं आणि मुलांचे महिन्याचे पैसे ठरलेले. बाईंनी फडकं पाहिलं. तक्रार नाही, विनवणी नाही. त्यांनी व्हॅन मागे घ्यायला सुरुवात केली.

भोंग्याने टॅक्सी रांगेबाहेर काढली, वळवली आणि नेऊन व्हॅनच्या मागे लावली. उतरला, आपल्या बंपरचं फडकं सोडलं आणि व्हॅनला बांधलं.

मालक धावत आले. "अरे, फडकं मी बांधतो. तू कोण?"

"शेवटच्या गाडीला बांधतात ना? शेवटची या ताईंची होती. मी तर आत्ता येतोय."

"आत्ता?"

"आत्ताच! डोळे तपासून घ्या, मालक."

मालकांनी वाकून व्हॅनचं फडकं सोडलं आणि पुन्हा भोंग्याच्या टॅक्सीला बांधलं. "मग आता शेवटची गाडी तुझी."

सगळी रांग हसली. शिडीवर उभी असलेली मुलगी तेवढी हसली नाही. "बाबा! फडकं एकदाच बांधायचं असतं! असं सरकवत बसलात तर पंप विकावा लागेल!" रागाच्या भरात तिच्या ब्रशचा एक थेंब माझ्या उजव्या कोपऱ्यावर पडला.

"थांब जरा, पोरी," मालक म्हणाले, कारण तेवढ्यात मागे एक स्कूटर येऊन उभी राहिली होती.

त्या दिवशी फडकं आणखी तीनदा सरकलं. मुलगी आठ दिवस बापाशी बोलली नाही. ऑफिसचे पत्रे त्या वर्षी बदलायचे होते, ते राहिले. पावसाळाभर ती गळक्या पत्र्याखाली टेबल सरकवत बसायची आणि बापाकडे रोखून बघायची. मालक खिडकीबाहेर बघायचे.

आता मालक नाहीत. पंप मुलगीच चालवते. तिचेही केस पिकले. माझ्या जागी दिव्यांचे आकडे आले. भाव रोज सकाळी सहाला आपोआप बदलतो. कोण बदलतं, कुठे बसून, मला माहीत नाही. तिथून त्यांना रांग दिसत नसावी. मला हवा भरायच्या यंत्रामागे टेकवून ठेवलं आणि ते फडकं माझ्याच खिळ्याला अडकवलं. कडेने गंज चढत गेला. कुणी वाद घालायलाही येईना, याचं फार वाईट वाटायचं.

आज उजाडताच भंगारवाला आला. कालच मोठी भाववाढ जाहीर झालेली, म्हणून पंपावर रांग होती. मला हातगाडीवर आडवं टाकलं, फडक्यासकट. रांगेच्या शेवटी भोंगा होता. उद्या तो टॅक्सी विकणार आहे; आजची टाकी शेवटची. पुढे तीन गाड्या असताना सहा वाजले आणि दिव्यांचा आकडा बदलला. रांगेत कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणार तरी कुणाला?

भोंगा उतरून हळूहळू हातगाडीपाशी, मुलीजवळ आला. आवाज आता पार बसला आहे.

"हिला विकतेस, पोरी?"

"गंजलीय हो, काका. कुणाला हवीय?"

"माझा चार आहे हिच्या पोटात," तो म्हणाला. मग त्याने माझ्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हा थेंब तुझा."

मुलगी थेंबाकडे बघत राहिली. मग तिने खिळ्यावरचं फडकं काढलं, झटकलं आणि जाऊन टॅक्सीच्या बंपरला बांधलं.

"तुमच्यापर्यंत कालचा भाव."

"अगं, मशीन ऐकणार आहे का तुझं?"

"मशीनला काय दाखवायचं ते दाखवू दे. गल्ल्यावर मी बसते."

एवढ्यात मागे एक मोटरसायकल येऊन थांबली. भोंग्याने नुसती मान तिकडे वळवली.

"फडकं एकदाच बांधायचं असतं, काका," ती फणकाऱ्याने म्हणाली. कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली, आणि मग गाठ सोडायला वाकली.

बरंय, मी निघते. भट्टीत माझे चार, सहा, नऊ सगळे एक होतील. मला परत टांगा असं मी म्हणत नाही. पंपावर कधी रांगेत उभे राहिलात, तर आकड्याकडे बघाच, पण एकदा मागे वळूनही बघा, आपल्यानंतर कोण आलंय ते.

हातगाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मुलगी तिसऱ्यांदा गाठ सोडत होती.