पाहुण्यांच्या भाषेत

“त्या दिवशी दुपारीच वारा पडला होता,” धाकटा म्हणाला, आणि त्याचं वाक्य संपायच्या आत ताईने ते पाहुण्यांच्या भाषेत सांगूनही टाकलं.

पाहुण्या बाईंनी वहीतून मान वर केली. ताई ओशाळली. दुभाष्याने बोलणाऱ्याच्या मागून चालायचं असतं, पुढे पळायचं नसतं. पण करणार काय? ही हकीकत तिला तोंडपाठ झाली होती. धाकटा कुठे आवंढा गिळतो, कुठे खिडकीबाहेर बघतो, सगळं. पाठच्या भावाचं दुःख असं पाढ्यासारखं पाठ व्हावं, याची तिला मनातून लाज वाटायची.

शाळेचा वर्ग होता. वस्तीत मुलंच उरली नव्हती, त्यामुळे शाळा बंद आणि वर्ग मोकळा. पाहुण्या बाई पहिलीच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. ज्या देशांच्या धुराड्यांनी हवा तापवली त्यांनी एका निधीत पैसे घालायचे आणि ज्यांच्या दारात समुद्र आला त्यांना त्यातून बांध घालून द्यायचा, असं कुठल्याशा मोठ्या परिषदेत ठरलं होतं. बाई त्या निधीकडून आल्या होत्या. ठरून बरीच वर्षं झाली होती. दर खेपेला नवी माणसं यायची, बूट चिखलात बरबटवून किनारा बघायची, आणि मग सरकारी साहेब धाकट्याला पुढे करायचे. “याचं ऐकाच,” म्हणायचे. धाकटा होड्या दुरुस्त करणारा सुतार. एरवी ओठांत खिळे धरल्यासारखा तुटक बोलायचा. पण बांधासाठी म्हणून तो तोंड उघडायचा.

ताई शहरात राहायची. वस्तीत समुद्र शिरला त्या पुरानंतर धाकट्याची लहानगी मुलगी तिनेच वाढवली. चिमणी. आता चिमणी चांगली विशीची झाली होती, एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामावर होती, आणि सुट्टी काढून आत्याबरोबर बापाला भेटायला आली होती. आत्ता ती घरी सगळ्यांसाठी चहा करत होती.

“पाणी आवाज न करता आलं,” धाकटा सांगत होता. “गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं. माझ्या बायकोचा पाय मोडलेला, प्लास्टरात होता. मी तिला टेबलावर चढवलं. पोरगी तिच्या कडेवर. बाहेर ओढ अशी, की माझ्याने दोघींना एकदम नेणं शक्य नव्हतं...”

दार करकरलं. हातात ट्रे घेऊन चिमणी उभी होती.

धाकटा गप्प झाला.

चिमणीला आजवर ठाऊक होतं ते एवढंच, की आई पुरात गेली. झोपेत होती, तिला काही कळलंही नाही. धाकट्याने तसं सांगितलं होतं आणि ताईने तेच पुढे चालवलं होतं. लहान जिवाला कशाला, म्हणून. मग तो जीव मोठा झाला आणि सांगायचं राहूनच गेलं.

“बोल की रे,” साहेब म्हणाले. “बाईंना उजेडात परत पोचायचंय.”

धाकट्याने ताईकडे पाहिलं. “पुढचं तू सांग, ताई. तुला माहीतच आहे. त्यांच्या भाषेत सांग. हिला कुठे कळतंय.”

ताईलाही ते पटलं. चिमणीला ती भाषा शिकवायला तिने काय कमी आटापिटा केला होता? पण कार्टी पुस्तक उघडलं की जांभया द्यायला लागायची.

तेव्हा ताईने सांगितलं. बायकोने मूल नवऱ्याच्या हातात कसं दिलं, आणि “आधी हिला पोचवून ये, मी आहे इथे,” असं ती कशी म्हणाली. तो मुलीला डोक्यावर धरून याच शाळेच्या गच्चीपर्यंत कसा आला. मागून ती हाका मारत होती, त्याला परतायची वाट कळावी म्हणून. मुलीला वरच्या माणसांच्या हाती देऊन तो वळला, तेव्हा हाका थांबल्या होत्या. तो परत पोचला तर पाणी छताला लागलं होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या लिहीत राहिल्या.

चिमणी किटलीतून चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, चहा बाकावरून ओघळायला लागला, तरी तिचा हात सरळ होईना. साहेब “अगं, अगं,” म्हणत मागे सरकले.

“भाजलं का?” धाकट्याने विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि फडकं घेऊन बाक पुसायला लागली.

“आता बांधाचं विचार त्यांना,” धाकटा ताईला म्हणाला.

बाई खोटं बोलल्या नाहीत. पैसे कबूल झालेत, पण आलेले नाहीत, त्या म्हणाल्या. कुणी दिले, कुणी निम्मे दिले, कुणाचं सरकार बदललं. जे आहेत ते आधी, जिथे जास्त माणसं राहतात तिथे जाणार. “इथे आता घरं किती उरलीत?”

ताईने सगळं होतं तसं धाकट्याला सांगितलं.

“माणसं गेली ती बांध नाही म्हणून,” धाकटा म्हणाला. “आणि आता माणसं नाहीत म्हणून बांध नाही?”

ताईने तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, “हो. असंच आहे. पण मी यांच्या पत्नीची हकीकत लिहीन. बैठकीत स्वतः वाचून दाखवीन. कधी कधी त्याने फरक पडतो.”

ताई ते धाकट्याला सांगणार, तोच चिमणी बोलली. हातात फडकं तसंच होतं. बोलली ती बाईंशी, बाईंच्या भाषेत. व्याकरण मोडकंतोडकं, हॉटेलच्या गिऱ्हाइकांकडून कानावर पडलेलं, पण शब्द स्वच्छ.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“काय म्हणाली ती?” धाकट्याने विचारलं. “ताई? काय म्हणाली?”

आयुष्यभर ताईने परक्यांचं बोलणं आपल्या माणसांना आणि आपल्या माणसांचं परक्यांना सांगितलं होतं. लेकीचं बोलणं बापाला सांगायची पाळी आज पहिल्यांदा आली.

“म्हणाली, माझ्या आईचं लिहू नका. ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

धाकटा उठायला गेला आणि बाकाला धरून तसाच अर्धवट वाकून राहिला. साहेबांनी घड्याळ बघितलं. बाई उठल्या. चिमणीपुढे जाऊन उभ्या राहिल्या, बहुधा माफी मागावी म्हणून. मग वही पिशवीत घालून त्या साहेबांबरोबर निघाल्या. गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि विरत गेला.

बांधाचं पुढे काही झालं नाही. परिषदा भरत राहिल्या, नवे आकडे कबूल होत राहिले. काही वर्षांनी दुसऱ्या किनाऱ्यावर, मोठ्या बंदराजवळ, एक चांगला बांध झाला म्हणतात. धाकट्याच्या घराची भिंत एका भरतीत बसली, तेव्हा तो शहरात लेकीकडे राहायला आला. तिथे होड्या कुठल्या? लोकांच्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करत बसायचा.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी वर्गात ती तिघंच उरली. मग चिमणी बापासमोरच्या बाकावर बसली.

“बाबा, मला सांग.”

“ऐकलंस ना आत्ता.”

“आत्याकडून ऐकलं. त्यांच्या भाषेत. निम्मं कळलंही नाही. तू सांग.”

धाकट्याने डांबराने काळी पडलेली बोटं चेहऱ्यावरून फिरवली. ताई नकळत पुढे सरकली. तो अडला की शब्द पुरवायचा, ही तिची सवय.

“तुझी आई त्या दिवशी सकाळपासून माझ्यावर चिडलेली होती,” धाकटा म्हणाला. “मी तिची कुबडी सरळ करून देतो म्हटलं होतं आणि विसरलो होतो. तू तिच्या प्लास्टरवर कोळशाने रेघोट्या मारत होतीस. तुला रागावायचं सोडून ती हसायला लागली...”

हे ताईने कधीच ऐकलं नव्हतं.

तिने कप गोळा करून ट्रेमध्ये ठेवले, बाहेर आली, आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार ओढून घेतलं.