गोगलगाईंची अंडी

हिवाळ्यात एनिडला झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॅल्बी गावातल्या डॉक्टरांचं म्हणणं, बोलेलही कदाचित, नाहीही. तेव्हापासून ती पुढच्या खोलीत फिशटँकसमोर खुर्चीत बसून असायची. तिच्या नवऱ्यानं, अ‍ॅथलनं, अख्खा संसार ‘जरा गप्प बस गं बाई’ म्हणण्यात घालवला होता. आता घर गप्प झालं तर त्याला घास गिळवेना. तिनं एकदा तरी तोंड उघडावं, शिवी दिली तरी चालेल, एवढंच त्याचं मागणं होतं.

टँक म्हणजे नुसतं हिरवं रान. दुपारी पडदे ओढले की खोलीभर तो हिरवा उजेड पसरायचा आणि आपणही खुर्चीसकट पाण्याखाली गेलोय असं वाटायचं. वर निऑन माशांचा थवा चमकत फिरायचा. खाली वाळूत मिशा खुपसत कोरी हिंडायच्या, अ‍ॅमेझॉन नदीकडच्या बोटभर कॅटफिश. एनिड त्यांना पोरी म्हणायची. मधेच एखादी सुळकन वर जाऊन हवेचा घोट घ्यायची आणि खाली येऊन डोळा मारायची. खरंच मारायची हो!

“केर काढायला ठेवलेल्या बायका,” अ‍ॅथल चिडवायचा.

“केर तू खा. त्यांना गांडुळं लागतात,” एनिड म्हणायची. म्हणायची तेव्हा.

शुक्रवारी त्यांच्या मुलीचा, ब्रॉनीचा फोन आला. “बाबा, रविवारी मासे पाळणाऱ्यांच्या क्लबचा लिलाव आहे. उद्या येऊन टँक घेऊन जाते. तुम्ही आईला सांभाळणार की मासे?”

“मग ती बघेल कशाकडे?”

“टीव्ही आहे की.”

“टीव्ही डोळा मारत नाही,” म्हणून त्यानं फोन ठेवला. पण ब्रॉनी चुकीचं बोलली नव्हती, हेही त्याला कळत होतं.

दुपारी आभाळ जांभळं झालं. लांब कापसाच्या शेतांवर गडगडायला लागलं तशा पोरी काचेला तोंड लावून वरखाली धावायला लागल्या. अशा वेळी एनिड काय करायची ते त्याला आठवलं. थोडं जुनं पाणी काढायचं आणि अंगणातल्या पावसाच्या टाकीतलं गार पाणी झारीनं हळूहळू वरून सोडायचं. “त्यांना वाटतं, आपल्या नदीला पाणी आलं,” ती म्हणायची. त्यापुढे ती काय करायची ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. सकाळ झाली की स्वारी लॉन बोल्स खेळायला पसार.

शेवटचा निरोप म्हणून त्यानं झारी भरली. निम्मं पाणी गालिच्यावर सांडलं. एनिड बघत राहिली. बाहेर पाऊस कोसळत होता, आत झारीची धार, आणि तिचे ओठ हलल्यासारखे वाटले त्याला. भास असेल, असं म्हणून त्यानं फडकं आणलं.

सकाळी काचेवर बारीक मोत्यांसारखे दाणे चिकटलेले दिसले.

“अरे देवा, गोगलगाईंची अंडी!” गोगलगाईंवर एनिडचा केवढा राग! निदान जाताना तरी टँक स्वच्छ जावा म्हणून त्यानं लायब्ररीचं जुनं कार्ड घेतलं आणि हात पाण्यात घालून खरवडायला लागला. चार दाणे फुटले.

मागे खुर्ची करकरली. एनिडच्या डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं, असं की कार्ड गळून पडलं.

“बो...” तिच्या गळ्यातून आवाज आला. “बो... बोटानं, मेल्या!”

अ‍ॅथल तसाच उभा, बाहीतून पाणी गळतंय.

तिनं डावा हात पाण्यात घातला. बोटाच्या टोकानं एक दाणा काचेवर हलकेच घोळवला, सुटा केला, तळहातावर घेऊन वर आणला आणि मानेनं खूण केली. त्यानं धावत आइस्क्रीमचा रिकामा डबा आणून टँकचंच पाणी भरलं. दाणा डब्यात गेला. एक पोरगी काचेपाशी दुसरा दाणा गिळायला टपली होती; एनिडनं तिला टिचकीनं हाकललं. आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला.

“पोरींची पोरं आहेत होय ही?”

एनिडनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला लग्नाचं पहिलं वर्ष आठवलं.

फोन वाजला. “बाबा, गाडी काढलीय. निघू का?”

त्यानं फोन एनिडच्या कानाला लावला. ती बराच वेळ शब्द गोळा करत राहिली.

“तुझ्या... बापाला,” ती म्हणाली, “अक्कल... नाही.”

पलीकडे ब्रॉनी ओरडली की रडली, कळलं नाही. अ‍ॅथल डबा छातीशी धरून ढसाढसा रडत होता आणि म्हणत होता, “परत म्हण ना एनिड, परत म्हण.”