मुनग्याची हिरवी कांडी

करडी गावच्या भोजराजला जेवताना भाजीचं पान सापडलं, की तो ते असं उचलायचा जणू ताटात माशी पडली आहे. दोन बोटांत धरायचा, उजेडाकडे करून बघायचा, ताटाच्या कडेला टाकायचा आणि म्हणायचा, "मी काय बकरी हाव?" मग स्वतःच हसायचा. लग्नाला सतरा वर्षं झाली, तेव्हापासून तो हाच विनोद करत होता. दुसरा त्याला सुचलाच नाही.

वाचकहो, हसू नका. असा एक बकरी नसलेला पुरुष तुमच्याही घरी असेल. आमच्या आळीत तर प्रत्येक घरी एक आहे.

भोजराजच्या परसात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड होतं. शेंगा वरणात पडायच्या आणि वरण भोजराजच्या ताटात. कोवळा पाला मात्र त्याची बायको अंजू लसूण-मिरची घालून परतायची आणि तो चुलीजवळच्या कढईत राहायचा. पुरुषाचं जेवण झालं की अंजू आणि नववीतली मोठी मुलगी खुशबू तिथंच खाली बसून त्या पाल्याशी भात खायच्या. पाहुणे आले तर कढईवर झाकण यायचं. एकाच झाडाच्या शेंगेला मान आणि पाल्याला लाज! झाडाला हे कोणी सांगितलं नव्हतं, ते दोन्ही सारख्याच जोमानं देत होतं.

धाकटी गुड्डी सहा वर्षांची. ती बापाची लाडकी, म्हणून बापाच्याच ताटात जेवायची. बाप जे कडेला टाकेल ते तीही टाकायची. अर्धं जेवण झालं की उठायची, कारण संध्याकाळी बाप दुकानातून वेफर्सचा पुडा आणणार हे तिला ठाऊक होतं. घराच्या ओट्याला लागूनच भोजराजचं किराणा दुकान होतं. समोर पुड्यांच्या माळा लोंबायच्या, आत फ्रीझरमध्ये प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ. तो खाल्ला की जीभ जांभळी व्हायची आणि भोजराजची छाती फुगायची. दुकानाच्या बाकावर बसलेल्या शेजारच्या कवडूला तो रोज ऐकवायचा की आपल्या पोरीले कशाची कमी नाही. त्याच्या हिशेबी प्रेम म्हणजे फाडताना चर्र वाजणारी वस्तू.

मग शाळेत तपासणीचे डॉक्टर आले. गुड्डीचं हिमोग्लोबीन आठ निघालं. प्रार्थनेच्या वेळी ही मुलगी दोनदा मटकन खाली बसली होती, हे वर्गाच्या बाईंनीही सांगितलं. डॉक्टरांनी लोहाचं टॉनिक दिलं, हिरव्या भाज्या, डाळी, आंबट फळं द्या म्हणाले, चहा आणि पुडे बंद करायला सांगितलं. महिन्यानं पुन्हा तपासू, आणखी उतरलं तर भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती करावं लागेल.

भोजराजनं दोघी बहिणींची कार्डं दुकानाच्या गल्ल्यात टाकली आणि गुड्डीला ऊन लागलं असेल म्हणाला. पण अंजूची झोप उडाली. तिनं पालक केला, चवळाई केली, पाला पोळीच्या कणकेत मळला. गुड्डीनं प्रत्येक वेळी दोन बोटांत पान धरलं, उजेडाकडे केलं आणि बापासारखीच मान वाकडी करून म्हटलं, "मी काय बकरी हाव?"

खुशबू अंगणवाडीच्या रत्नमालाबाईंकडे गेली. बर्फ म्हटलं की गुड्डी धावते, तर बर्फातच पाला घालता येईल का, असं तिनं विचारलं. तिच्या मनात दुधाची कुल्फी होती. बाईंनी दूध नको म्हटलं, दुधासोबत लोह अंगी कमी लागतं. आंबट घे, कैरी घे. जाताना एवढंच बजावलं, "पण लपवून चारू नको, खुशबू. आज ना उद्या कळते, आन् मंग पोरगी भाजीवर नाही, तुह्यावर रुसते."

खुशबूनं पहिलं सगळं ऐकलं आणि शेवटचं सोडून दिलं. आपण सगळे असंच करतो.

तिनं मुनग्याचा कोवळा पाला उकळत्या पाण्यातून काढला, उकडलेल्या कैरीचा गर, गूळ, भाजलेलं जिरं आणि काळं मीठ घालून मिक्सरमधून फिरवला. स्टीलच्या पेल्यांत ओतला. काडी उभी राहीना, तर पेल्यावर पळसाचं पान बांधून त्यातून बांबूची काडी खोचली आणि पेले रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. सकाळी पेला पाण्यात धरला आणि पोपटी रंगाची आइसकांडी सुटून आली. गुड्डीनं हिरवी काहून आहे विचारलं, तेव्हा खुशबू म्हणाली, कच्च्या आंब्याचा रंग आहे. गुड्डीनं दोन खाल्ल्या. आठ दिवस रोज खाल्ल्या, आणि त्या लालचीनं टॉनिकही घेतलं.

नवव्या दिवशी खुशबू ओट्यावर पाला खुडत बसली होती आणि ते पाहून भोजराजला कांडीतलं गुपित कळलं. समोर कवडू, दोन गिऱ्हाइकं, आणि हातात कांडी घेतलेली गुड्डी. असा मोका तो सोडतो कुठं?

"पाहा कवडू, आमच्या घरची हुशारी," तो म्हणाला. "पोरीले आइसकांडी म्हणून ढोराचा पाला चारून राहिली."

सगळे हसले. गुड्डी हसली नाही. तिनं कांडीकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि कांडी मातीत फेकली. त्या दिवसापासून तिनं खुशबूच्या हातचं काहीच घेतलं नाही. कांडी नाही, भात नाही, टॉनिकही नाही. चार दिवसांनी ती नळापर्यंत चालतानाही धापा टाकू लागली. अंजूनं भंडाऱ्याला न्यायची पिशवी भरून दाराशी ठेवली.

खुशबूनं रत्नमालाबाईंना सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. बाई दुकानावर आल्या. भोजराजनं नेहमीचं सुरू केलं, की आपण पोरीवर किती खर्च करतो, जीव लावतो, आणि ती पाला खात नाही तर आपण काय करणार. बाईंनी त्याला बोलू दिलं. मग गल्ल्यातलं कार्ड मागितलं. तिथं दोन कार्डं होती. दुसरं भोजराजनं उघडूनही पाहिलं नव्हतं.

"वाचा, भोजराजभाऊ."

"गुड्डीचं आठ. माहीत हाय मले."

"दुसरं."

"खुशबू... बारा."

"एकच घर, एकच माय रांधते. लाडाची पोरगी तुमच्या ताटात जेवली, तिचं आठ. जिच्याकडे तुमी पाहिलं नाही ते चुलीपाशी जेवली, तिचं बारा."

कवडूनं बाकावरून उठून चपला शोधायला सुरुवात केली.

"गुड्डी भाजीले नाही म्हणत नाही, भाऊ," बाई हळूच म्हणाल्या. "ते बायांच्या खाण्याले नाही म्हणते. घरात मोठं कोण आन् लहान कोण, हे तुमीच तिले ताटात दाखवलं. आता तुमीच दाखवा."

सतरा वर्षांचा विनोद एका कार्डावर मेला! भोजराज दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरून पुन्हा वाचू लागला. मग घरात गेला, फ्रीजमधून कांडी काढली आणि ओट्यावर, अगदी निघता निघता थबकलेल्या कवडूच्या समोर, खायला लागला. पहिल्या घासाला त्याचं तोंड असं झालं की पाहणाऱ्याला दया यावी. मला नाही आली.

गुड्डी दारात उभी राहिली. "बाबा, त्यात पाला हाय."

"माहीत हाय."

"मंग तुमी बकरी हाव?"

भोजराजनं कवडूकडे पाहिलं, मग लेकीकडे. "हो," तो म्हणाला. "येतं काय माह्यासोबत चरायले?"

गुड्डी आली. आधी बापाची कांडी चाखली, मग खुशबूकडे जाऊन स्वतःची मागितली. खुशबूनं पेला पाण्यात धरता धरता तिला सांगून टाकलं, यात मुनगा आहे, मी खोटं बोलली होती. गुड्डीनं थोडा विचार केला आणि दोन द्यायला सांगितल्या. त्या दिवशी दुपारी कढई पहिल्यांदा चुलीजवळून उठून सगळ्यांच्या मधोमध आली. शेंगा अंजूच्या ताटात पडल्या. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, कशा खायच्या हे विसरल्यासारखी.

महिन्यानं आरोग्य उपकेंद्रात गुड्डीचं साडेनऊ निघालं. टॉनिक अजून चालू आहे, पण दाराशी भरलेली पिशवी अंजूनं रिकामी केली. भोजराज पाला अजूनही तोंड वाकडं करून खातो. करू दे. गिळतो ना!

म्हणून वाचकहो, मुलांसाठी हिरव्या कांड्या जरूर करा, कैरी घाला, गूळ घाला, पण त्यात काय आहे ते सांगून द्या. आणि त्याआधी घरातल्या मोठ्या माणसाच्या ताटात भाजी वाढा. तो कडेला टाकत असेल, तर मूल भाजी खात नाही म्हणून मुलाला बोलू नका. मूल बरोबर तेच शिकतं आहे, जे तुम्ही शिकवत आहात.