हसण्यावारी

क्लॅरी पेंगलीने शर्टाच्या कॉलरवरून पुन्हा एकदा इस्त्री फिरवली. पांढरा शर्ट, लग्नाला आणि मयताला घालायचा. कामावरचा जोडीदार नेव्ह स्कली याच्या मयताला घातला होता, त्यानंतर तो आजच बाहेर निघाला होता.

“टाय काळाच घालू ना?”

“काळाच घाल,” त्याची बायको जॉइस म्हणाली. ती स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. “आणि हे बघ, तिथं कोणी हसलं ना, तरी तू हसू नकोस.”

“कोर्टात कोण कशाला हसेल?”

क्लॅरीने बूट पुसायला घेतले. हसतील, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला बघून हसत नाही असा माणूस मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये शोधूनही सापडला नसता.

ही सगळी करणी एका सॉसेजच्या जाहिरातीची. काही वर्षांपूर्वी जाहिरातवाली मंडळी कोपऱ्यावरच्या पबमध्ये आली होती. त्यांना म्हणे नट नको होता, ‘खराखुरा कामगार’ हवा होता. क्लॅरी तेव्हा बारला टेकून आपल्या सासूच्या आणि तिच्या कोंबड्याच्या भांडणाची गोष्ट सांगत होता आणि ऐकणारे पोट धरून हसत होते. मंडळींनी त्याला तिथल्या तिथे पक्का केला. चित्रीकरणाच्या दिवशी क्लॅरी इस्त्रीचा शर्ट, टाय आणि चकचकीत बूट घालून हजर झाला. फोटो काढायचा म्हटल्यावर कोणीही तसाच जाईल. त्यांनी ते सगळं उतरवलं. अंगात निळं बनियन चढवलं, खाली आखूड चड्डी, पायात रबरी सपाता. पोट हवं तेवढं सुटलेलं नव्हतं म्हणून बनियनच्या आत उशी बांधली. नीट विंचरलेले केस विस्कटून टाकले.

“हां, आता कसा खरा दिसतोय!” त्यांच्यातला एक जण म्हणाला.

जाहिरातीत क्लॅरी परसात सॉसेज भाजतो. शेगडी भडकते, कुंपण पेट घेतं, बायको किंचाळते. तो हातातली निम्मी बिअर आगीवर ओततो, निम्मी स्वतः पितो, मोठ्ठा ढेकर देतो आणि म्हणतो, “काय नाय होत, गड्या!”

टीव्हीवर ती लागली आणि बघता बघता त्या वाक्याने क्लॅरीला गिळून टाकलं. शाळेतली पोरं सायकलवरून जाता जाता ओरडायची. चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबा तेच वाक्य म्हणून टाळी मागायचे. पाठ धरली म्हणून तो दवाखान्यात गेला, तर डॉक्टरने नाडी बघायच्या आधी ढेकर देऊन दाखवला. सुरुवातीला क्लॅरीलाही मौज वाटायची. मग मौज सरली आणि सवय उरली. लोक हसले की आपणही हसायचं. नाही हसलं, तर म्हणणार, लेकाच्या डोक्यात हवा गेली. आणि त्या वस्तीत माणसाच्या डोक्यात हवा जाण्याइतकं वाईट काही नव्हतं.

नाही म्हणायला आणखी एक गोष्ट तितकीच वाईट होती. रडकेपणा. कामावर काही खुपलं, तर एकदा सांगायचं आणि गप्प बसायचं. तेच दुसऱ्यांदा सांगणारा तो रडका. नेव्ह मेला तो या दोन गोष्टींच्या मध्ये.

नदीकाठच्या जुन्या लोकरीच्या गोदामाची दुरुस्ती चालली होती. बाहेरून उंच परांची बांधली होती आणि ती बांधणारे क्लॅरी आणि नेव्ह. दोघांनी उमेदवारीच्या दिवसांपासून एकत्र काम केलेलं. त्या सकाळी क्लॅरीला वरच्या टप्प्यावरची एक फळी गाठीपाशी तडकलेली दिसली. चहाच्या सुट्टीत सगळे पत्र्याच्या शेडमध्ये जमले, तेव्हा तो सरळ मुकादमापुढे जाऊन उभा राहिला. मुकादमाचं नाव ट्रँटर.

“ट्रँटर, वरची एक फळी तडकलीय. बदलल्याशिवाय कोणाला वर पाठवू नकोस.”

बदलायची म्हणजे सुताराला बोलवा, काम थांबवा, कंपनीला कारण सांगा. ट्रँटरने कपातला चहा हलवला, आजूबाजूला बघितलं आणि डोळा मारला.

“पुढचं म्हण की! एवढ्यावरच काय थांबलास?”

शेडमधले सगळे एका सुरात ओरडले, “काय नाय होत, गड्या!” कोणीतरी ढेकरही दिला. नेव्ह तर सगळ्यांत मोठ्याने हसला. क्लॅरीचा चेहरा सवयीने हसला. एकदा सांगून झालं होतं. तो आपला कप घेऊन बाकावर बसला.

सुट्टी संपली. ट्रँटरने नेव्हला वर पाठवलं. क्लॅरी दुसऱ्या टोकाला गाठी आवळत होता. त्याला फक्त फळी मोडल्याचा आवाज ऐकू आला.

कंपनीने कळवलं की अपघात मयताच्या बेसावधपणामुळे झाला. वस्तीत वेगळीच कुजबुज सुरू झाली की नेव्हने सकाळीच दोन घोट मारले असणार, परांचीवाली माणसं कशी असतात ते माहीतच आहे. कोण कसं असतं हे या लोकांनाही टीव्हीवरूनच कळलं होतं. नेव्हची बायको शर्ली कुजबुज ऐकून घ्यायची आणि दार लावून घ्यायची. मृत्यूची कोर्टात चौकशी लागली, तिच्या आदल्या संध्याकाळी ती क्लॅरीकडे आली, पण खुर्चीवर बसली नाही.

“मला दुसरं काही नको, क्लॅरी. ती फळी खराब होती आणि ट्रँटरला ते सांगितलेलं होतं, एवढं कोर्टाच्या कागदावर येऊ दे. पोरं मोठी होतील, तेव्हा त्यांना दाखवता आलं पाहिजे.”

“येईल,” क्लॅरी म्हणाला. “मी स्वतः सांगितलंय ना त्याला.”

आणि म्हणून आज त्याने कॉलर दोनदा इस्त्री केली होती.

कोर्टात नाव पुकारलं. क्लॅरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, तोच मागच्या बाकांवरून कोणीतरी हलक्या आवाजात ढेकर दिला. बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं, “शांतता,” म्हणाले, आणि ओठ आवळून कागदात डोकं घातलं. क्लॅरीला ते आवळलेले ओठ दिसले. तो हसला नाही. शपथ घेतली, घडलं ते सांगितलं. आवाज बरा लागला. पुढच्या बाकावर शर्ली मांडीवर हात ठेवून बसली होती.

मग कंपनीचा वकील उठला. तो अतिशय सभ्य माणूस होता.

“मिस्टर पेंगली, तुम्हाला भेटून आनंद झाला. आमच्या घरात मुलांना तुम्ही फार आवडता.”

पुन्हा खसखस.

“तुम्ही फळीबद्दल मुकादमांना सांगितलं. त्यावर तिथल्या लोकांनी काय केलं?”

“हसले.”

“का हसले असतील?”

“त्यांना... सवय आहे, साहेब.”

“कशाची सवय? तुम्ही बोललात की तो विनोद असणार, याचीच ना?”

क्लॅरीने कठड्यावर हात ठेवला. “फळी तडकलीय यात विनोद कसला, साहेब?”

“बरोबर आहे. मग तुम्ही पुन्हा सांगितलंत?”

“नाही.”

“का?”

दोनदा सांगणारा रडका ठरतो, हे त्या खोलीतल्या प्रत्येक कामगाराला माहीत होतं. पण टाय लावून, शपथ घेऊन ते कसं सांगायचं, हे क्लॅरीला सुचेना.

“आमच्यात एकदाच सांगतात,” तो म्हणाला.

“अस्सं. आता शेवटचा प्रश्न. शपथेवर आहात, आठवून सांगा. सगळे हसले, तेव्हा तुम्हीही हसलात का?”

क्लॅरीने शर्लीकडे बघितलं. खोटं बोलला असता तर कोणी पकडलं नसतं. पण बायबलवर हात ठेवून खोटं बोलायचं नसतं हे त्याला आईने शिकवलं होतं, आणि टीव्हीवर काहीही दिसो, क्लॅरी पेंगली आईचं ऐकणारा माणूस होता.

“हसलो,” तो म्हणाला.

ट्रँटरची साक्ष लवकर आटोपली. तो म्हणाला, “क्लॅरी काहीतरी बोलला खरा, साहेब. पण तो दिवसभर काही ना काही बोलतच असतो. त्याचं कोण मनावर घेतं?” या वेळी न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही.

निकाल लागला, अपघाती मृत्यू. दोष कोणाचाच नाही. मयताने पाय टाकण्याआधी बघायला हवं होतं. शेवटी न्यायाधीशांनी आपल्या मनातलं दुःख बोलून दाखवलं, की या कामगारवर्गात ‘काय होतंय’ म्हणण्याची जी बेफिकीर वृत्ती दिसते, तिचा हा आणखी एक बळी. हेही कागदावर आलं. शर्लीला पोरांना दाखवायला आता हे होतं.

बाहेर पायऱ्यांवर क्लॅरी तिच्यासमोर उभा राहिला.

“शर्ली, मी...”

“हसला नसतास तर?” ती म्हणाली. एवढंच.

दुपारनंतर सगळे पबमध्ये जमले. नेव्हसाठी एक ग्लास भरून बारवर ठेवला होता. त्याला कोणी हात लावायचा नव्हता. शर्ली आली होती, पण बारमध्ये बायका बसत नसत, म्हणून ती बायकांच्या खोलीत, बारच्या मधल्या खिडकीपलीकडे बसली. ट्रँटरही आला. त्याला येऊ नको म्हणण्याची पद्धत नव्हती. पहिली फेरी एकाने पाजली, दुसरी दुसऱ्याने. बोलणी फुटबॉलवर गेली. थोडी प्यायल्यावर ट्रँटर पुढे आला, त्याने बारवर थाप मारली.

“ही फेरी माझ्याकडून! नेव्हच्या नावाने. भर गं सगळ्यांचे, क्लॅरीचा आधी. बिचाऱ्याला आज वकिलाने फार पिळला.”

बारवालीने क्लॅरीच्या ग्लासाकडे हात केला. क्लॅरीने ग्लास मागे ओढला. त्यात घोटभर उरली होती ती संपवली, आणि ग्लास बारवर उलटा ठेवला.

त्या पबमध्ये हे त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, लहानपणी, बापाला हाक मारायला आला होता तेव्हा. बापाने संप फोडणाऱ्यांच्या देखत ग्लास असाच पालथा घातला होता. इथे जो कोणी आहे त्याच्याशी मी लढायला तयार आहे, पुढे या, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी सगळ्या बारमध्ये माशी उडाली तरी ऐकू आली असती. बापाचा दात पडला होता, आणि त्यानंतर मरेपर्यंत कोणी बापाची चेष्टा केली नव्हती.

क्लॅरीने काळा टाय सोडून खिशात ठेवला. बाह्या दुमडल्या. ट्रँटरकडे तोंड करून उभा राहिला.

सगळ्यांच्या नजरा उलट्या ग्लासावर गेल्या. मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याने ढेकर दिला. आणि बघता बघता सगळा बार खदखदून हसायला लागला.

“अरे, इस्त्रीच्या शर्टात कुस्ती!”

“क्लॅरी, उशी बांध आधी! उशी कुठाय?”

“म्हण रे, म्हण! एकदा होऊन जाऊ दे!”

“पुढे ये, ट्रँटर,” क्लॅरी म्हणाला. त्याचा आवाज चिरकला आणि हसणं दुप्पट झालं. ट्रँटरने डोळे पुसत त्याच्या खांद्यावर हात टाकला. “गड्या, तू नसतास ना, तर आजचा दिवस कसा निघाला असता! भर गं त्याचा.”

क्लॅरीची वळलेली मूठ तशीच राहिली. हसणाऱ्या माणसाच्या तोंडावर ठोसा कसा मारायचा, हे त्याला बापाने दाखवलं नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, आपले गाल ताणले जातायत. ते जुन्या सवयीने हसायला निघाले होते. त्याने दात आवळले.

मधल्या खिडकीची झडप वाजली. बाजूच्या दारातून शर्ली बारमध्ये आली. पुरुषांमधून वाट काढत ती नेव्हच्या ग्लासापाशी गेली. तो काठोकाठ भरलेला होता, फेस कधीच बसला होता. तिने तो उचलला, सगळी बिअर जमिनीवर ओतली आणि ग्लास क्लॅरीच्या ग्लासाशेजारी उलटा ठेवला.

मग ट्रँटरकडे बघत उभी राहिली.

कोणीही हसलं नाही. ढेकर देणाऱ्याने टोपी काढली. बारवाली फडकं हातात धरून थिजली. ट्रँटरचा हात क्लॅरीच्या खांद्यावरून आपोआप खाली आला, त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि तो एक पाऊल मागे सरला.

क्लॅरी ते सगळे चेहरे एकेक करून बघत होता. बार तोच, ग्लास तसाच. बाईने ठेवला तर अर्थ लगेच कळला. म्हणजे त्याने ठेवला तेव्हाही कळलाच होता. कोर्टात त्याचं म्हणणं कळलं होतं, आणि त्या सकाळी शेडमध्ये, चहा हलवताना, ट्रँटरला तडकलेली फळी म्हणजे काय हे नीट कळलं होतं. हसणं सोपं होतं, म्हणून ते हसले होते.

ट्रँटर टोपी घेऊन दारातून बाहेर पडला. त्याला कोणी अडवलं नाही. हळूहळू लोक आपापल्या ग्लासांकडे वळले. कोपऱ्यात कोणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

“चल, घरी सोडतो,” क्लॅरी शर्लीला म्हणाला.

“मी जाईन माझी,” ती म्हणाली, आणि गेली.

सांडलेल्या बिअरपाशी क्लॅरी एकटाच उभा राहिला. त्याची मूठ अजून वळलेलीच होती.