जागचा न हलणारा निरोप्या

मित्रांनो, मी एक जुना कंट्रोलर आहे. एवढे मला नक्की माहीत आहे. बाकी बऱ्याच गोष्टींत माझा गोंधळ आहे. वय झाले की तो कमी होईल असे वाटत होते, पण तेही झाले नाही.

कंट्रोलर म्हणजे व्हिडिओ गेम खेळताना दोन्ही हातांत धरतात ते यंत्र. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मला रिमोट म्हणतात, आणि मला तोंड नसल्यामुळे मी ते ऐकून घेतो. माझ्या डाव्या अंगाला एक छोटी दांडी आहे. ती जिकडे कलते तिकडे पडद्यावरचा माणूस चालतो. उजव्या अंगाला बटणे आहेत. शिवाय पोटात एक लहानशी मोटर आहे. पडद्यावरचा माणूस कुठे आपटला की ती मोटर फिरते आणि मी थरथरतो, म्हणजे खेळणाऱ्याच्या हातांनाही धक्का बसतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईने माझी दांडी सगळीकडे फिरवली आणि सोडून दिली. दांडी परत येऊन अगदी मधोमध उभी राहिली. "हा सरळ आहे गं," ती शेजारणीला म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातले. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी ती. सरळ असणे हेच आपले काम, अशी तेव्हापासून माझी समजूत झाली. त्या समजुतीचे पुढे काय झाले ते सांगतोच.

खोके उघडले ते एका दोन खोल्यांच्या जागेत. तिथे व्हिडिओ गेम तयार होत. तिथला मालक दादा संगणकावर खेळाचा प्रोग्रॅम लिही आणि त्याची बायको चित्रे काढी. तिला येणारेजाणारे सगळे वहिनी म्हणत. ते ऐकून ऐकून दादाही कधी कधी तिला वहिनी म्हणून जाई आणि मग जेवणापर्यंत बोलणी खाई. खेळात नवे काही घातले की ते आधी माझ्यावर तपासून बघत. नवे चकचकीत कंट्रोलर कपाटात आणि मी कायम टेबलावर, असा माझा मान होता. "हा आपला घरचा," दादा आल्यागेल्याला सांगे. मला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे वाटे.

हसणे म्हणजे काय ते मी तिथेच पाहिले आणि माझा गोंधळही तिथूनच सुरू झाला. एकदा वहिनीने काढलेल्या बदकाची चोच चुकून त्याच्या पाठीवर जाऊन बसली. बदक मान खाली घालून दाणे टिपायला लागले, तर चोच वरच्या वर आकाशात टकटक करू लागली. दादा आणि वहिनी इतके हसले, इतके हसले, की त्यांच्या हातात मी गदगदा हलू लागलो. मी पार घाबरून गेलो. पडद्यावर कोणी आपटले नव्हते. माझी मोटर फिरत नव्हती. मग हा हादरा आला कुठून? बराच विचार करून मी ठरवले की माणसांच्या पोटातही एक मोटर असणार. पण तिचे बटण कुठे असते, हे काही केल्या कळेना.

मग आमच्याकडे आत्या आली. ही दादाची सख्खी आत्या. तिने आयुष्यभर नाटके लिहिली, आणि तीही हसवणारी. तिच्या नाटकांना लोकांची हसून हसून मुरकुंडी वळे, असे दादा सांगे. पण तिचे नाट्यगृह बंद पडले, नटमंडळी पांगली, आणि आत्या घरात एकटी बसून राहू लागली. कोणाशी धड बोलेना. "आमच्या खेळातली माणसं मुकी आहेत. तू ये आणि त्यांना बोलतं कर," असे म्हणून दादाने तिला बळेच आणले. खिडकीजवळ तिला टेबल दिले. पहिल्या दिवशी तिने मला उलटे धरले आणि पडद्यावरचा माणूस भलतीकडे जातो म्हणून त्यालाच रागावली.

खेळ एका निरोप्याचा होता. राजाचा प्रधान त्याला निरोप देतो आणि निरोप्याने तो घेऊन नद्या-डोंगर ओलांडून जायचे. पण प्रधान महा बोलघेवडा. निरोप राहतो बाजूला आणि तो भाषण ठोकत बसतो. हे भाषण आत्याने लिहिले. एकेक वाक्य मोठ्याने म्हणून पाही, मान हलवी, शब्द बदली, पुन्हा म्हणे. बोलता बोलता तिचा आवाज मोकळा होऊ लागला. ती वहिनीला चहा पिताना जुन्या नाटकांच्या गमती सांगू लागली. मला वाटले, आता बघा, हिच्या वाक्यांनी सगळ्यांच्या मोटरी धडाधड सुरू होणार.

पण खेळताना कोणीच हसेना.

दुकानातली गर्दी ओसरली की शिंपीकाका गळ्यातल्या टेपसकट वर येत. त्यांना खेळाचे भारी वेड. प्रधान बोलू लागला की आता चालता येणार नाही असे धरून ते दांडीवरचा अंगठा काढत आणि दुसऱ्या अंगठ्याने माझे खालचे बटण दाबत. वाक्ये आपली आपण सावकाश बदलतात, पण ते दाबले की लगेच पुढे सरकतात. टक, टक, टक! आत्याने जीव ओतून लिहिलेले भाषण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपून जाई.

"काका, जरा वाचा तरी," आत्या म्हणे.

"वाचतो की, आत्याबाई! पण हा बोलत असतो आणि माझा माणूस नुसता खांबासारखा उभा. हात शिवशिवतात हो. आधी तो डोंगर येऊ द्या, मग निवांत वाचतो."

डोंगर आल्यावर काका काही परत येऊन वाचत नसत.

वहिनीने वाक्ये लहान केली, आत्याने अजून लहान केली, तरी तेच. शेवटी एकदा दादा चाचरत म्हणाला, "आत्या, खेळात लोकांना बोलणं नको असतं गं. प्रधानाने नुसता निरोप दिला तर?"

आत्याने हातातले कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी काकांच्या घरची मंडळी येणार आहेत ना खेळायला? त्या दिवशी कोणी हसलं नाही, तर माझं सगळं काढून टाक. मी माझ्या घरी जाते."

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. तिच्या हातांची मला सवय झाली होती.

सुट्टीच्या दिवशी मंडळी जमली. काका, काकू, काकांची सासू, सगळेच. आत्याने मला कोणाच्या हातात दिलेच नाही. "आज मी खेळते आणि मीच वाचते," ती म्हणाली. तिने चष्मा लावला, अंगठे बाजूला घेतले आणि प्रधानाचे भाषण ठसक्यात वाचू लागली. तिचे डोळे पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या अक्षरांवर होते. म्हणून वर काय चालले आहे ते तिला दिसले नाही.

वर निरोप्या चालत होता. अगदी हळूहळू, गोगलगाईच्या चालीने, तोंड प्रधानाकडेच ठेवून तो डावीकडे सरकत होता. डावीकडे राजवाड्याचे तळे होते. माझ्या दांडीला कोणाचेही बोट लागलेले नव्हते. तो कोणाच्या सांगण्यावरून चालला आहे, हे मलाही कळेना.

आत्या वाचत होती, "निरोप्या, साऱ्या राज्यात मला तूच आवडतोस. का? तर मी बोलत असताना जागचा न हलणारा असा तू एकटाच आहेस!"

डुबुक! निरोप्या तळ्यात पडला. प्रधान रिकाम्या जागेकडे बघून पुढे म्हणतच होता, "हा बघ कसा शांत उभा आहे."

खोलीत हसण्याचा एकच कल्लोळ उठला. काका पोट धरून खाली बसले. सासूबाईंना ठसका लागला. आत्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू! तिला वाटले, आपल्या वाक्याला हसले. ती आणखी रंगात येऊन वाचणार, तेवढ्यात तिची नजर वर गेली. निरोप्या पाण्यात हातपाय मारत होता.

तिने मला टेबलावर ठेवले. "तो पडला म्हणून हसले होय," ती हळूच म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

हसण्यासारखे झाले म्हणून ती रडवेली झाली. हे कसे? मला तर काही सुधरेना.

मंडळी गेल्यावर दादाने शोध सुरू केला. "प्रधान बोलत असताना निरोप्याचे पाय बांधायला हवे होते. तेवढं लिहायचं राहूनच गेलं माझ्याकडून," तो म्हणाला. "पण पाय मोकळे असले, तरी दांडी न हलवता तो चालेल कसा?"

वहिनीने मला टेबलाच्या मधोमध ठेवले आणि हात मागे घेतले. निरोप्या निघाला डावीकडे. "याची दांडी झिजली आहे," वहिनी म्हणाली. "मधोमध थांबतच नाही आता. डावीकडे ओढ घेते."

म्हणजे तो माझ्याच सांगण्यावरून चालला होता! मी, सरळ म्हणून खोक्यात घातलेला मी, वाकडा झालो होतो आणि मला पत्ताही नव्हता. दादाने निरोप्याचे पाय बांधून टाकले. मला त्याने तुटक्या तारांच्या खोक्यात टाकले आणि कपाटातून नवा कंट्रोलर काढला. "घरचा" वगैरे कोणाच्या लक्षातही राहिले नाही. आत्या तिकडे आपली पिशवी भरत होती. खोक्याच्या फटीतून मला तिची पावले दिसत होती.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका आपल्या भावाला ओढतच वर घेऊन आले. "कालची गंमत दाखवतो याला!" पण नव्या कंट्रोलरवर निरोप्या ढिम्म हलेना. काकांनी वाट पाहिली, मग कंटाळून टक टक करून भाषण संपवले. पाय सुटल्यावर त्यांनी निरोप्याला मुद्दाम नेऊन तळ्यात ढकलले. डुबुक. कोणी हसले नाही. भाऊ तर घड्याळाकडे बघू लागला.

"पडला, पण मजा नाही आली," काका हिरमुसून म्हणाले.

पिशवी घेऊन दारापर्यंत गेलेली आत्या थांबली. "का नाही आली, काका? तळं तेच, माणूस तोच."

"तळ्याचं काय घेऊन बसलात, आत्याबाई? काल तो प्रधान म्हणत होता ना," आणि काकांनी छाती फुगवून अगदी आत्याच्या ठसक्यात म्हटले, "'मी बोलत असताना जागचा न हलणारा असा तू एकटाच आहेस!' आणि इकडे आपला गडी चालला की हो तळ्यात!" एवढे बोलून ते स्वतःच पुन्हा हसू लागले. ऐकून त्यांचा भाऊही हसला, आणि त्याने तर काहीच पाहिले नव्हते.

आत्याने पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला माझं वाक्य पाठ आहे," ती म्हणाली.

"म्हणजे काय! रात्री आमच्या हिला दोनदा म्हणून दाखवलं."

आत्या तडक खोक्याशी आली, तारा उपसून तिने मला बाहेर काढले आणि पदराने पुसले. "दादा, निरोप्याचे पाय सोड. अगं वहिनी, मी वेडी! नाटकात हसवायचं काम नटाचं असतं. इथे नट प्रेक्षकाच्याच हातात आहे, आणि मी त्याला खांबासारखा उभा करून व्याख्यान देत होते!"

मग दादाने पाय सोडले आणि आत्याने भाषण नव्याने लिहिले. प्रधान तितक्याच गंभीरपणे बोलतो, पण आता निरोप्याला हवे तिकडे जाता येते. शिंपीकाका नवा कंट्रोलर घेऊन प्रधानाच्या मागे जाऊन उभे राहतात, त्याच्या आसनावर चढतात, आणि प्रधान समोर बघत म्हणतो, "तुझी ही नम्रता मला फार आवडते." काका हसून लोळतात. आता ते खालच्या बटणाला हात लावत नाहीत. पुढचे वाक्य काय येते याची वाट बघतात.

आत्या परत गेली नाही. तिने मलाही खोक्यात जाऊ दिले नाही. मी आता खिडकीजवळ तिच्या टेबलावर असतो. नवे काही लिहिले की ती मला जोडते, हात बाजूला घेते आणि माझ्या ओढीने निरोप्या कुठे जातो ते बघत वाक्ये म्हणते. तरी माझा गोंधळ आहे तो आहेच. गंमत तिच्या वाक्यात होती की माझ्या झिजलेल्या दांडीत? नुसते वाक्य म्हटले तर काका हसले नाहीत, आणि नुसते पाडले तरी हसले नाहीत. मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी हात टेकले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी जुनी वस्तू असेल आणि ती एक दिवस वाकडी चालू लागेल. तिला फेकून देण्याआधी ती चालली आहे कुठे, एवढे जरा बघा. कोण जाणे, एखाद्याची पिशवी दारातून परत फिरायची असेल.

माझ्या पोटातली मोटर केव्हाच बंद पडली आहे. पण परवा निरोप्या पुन्हा तळ्यात पडला, मी आत्याच्या हातात होतो, आणि कितीतरी वेळ थरथरत होतो.